आभाळाचा वाफसा साधून सातासमुद्रापार बोलणारी माणसे

तुमच्या घरात एखादा जुना रेडिओ अजून असेल. माळ्यावर असेल, फळीवर असेल, नाही तर आजोबांची आठवण म्हणून कुणी फडक्यात बांधून ठेवला असेल. त्याच्या काचेवर एका ओळीत ‘मीडियम वेव्ह’चे आणि दुसऱ्या ओळीत ‘शॉर्ट वेव्ह’चे आकडे दिसतील. ज्यांनी १९५२ पासून रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ ऐकली, किंवा बीबीसीच्या हिंदी बातम्या २०२० च्या जानेवारीअखेर शॉर्ट वेव्हवर बंद होईपर्यंत ऐकल्या, त्यांना एक गोष्ट चांगली ठाऊक आहे. शॉर्ट वेव्हचा आवाज कधी एका सुरात येत नसे. झोक्यावर बसल्यासारखा तो जवळ येई, लांब जाई, मध्येच घोगरा होई आणि परत स्वच्छ होई. आपण रेडिओला थापटत होतो. पण दोष रेडिओचा नव्हता, खेळ आभाळाचा होता.

त्याच शॉर्ट वेव्हवर, मोठमोठ्या आकाशवाणी केंद्रांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यांत, घरी बसून बोलणारी साधी माणसे असतात. त्यांना हौशी बिनतारीवाले म्हणतात, इंग्रजीत ‘हॅम’. कुणी शिक्षक, कुणी गवंडी, कुणी डॉक्टर, कुणी शेतकरी. परवाना काढायचा, यंत्र मिळवायचे किंवा स्वतः बांधायचे, झाडाला तार ताणायची आणि हजारो किलोमीटरवरच्या अनोळखी माणसाला हाक मारायची. तारेचे भाडे नाही, बोलण्याचे बिल नाही. यातलेही काही जुन्या वळणाचे लोक आपल्या त्या जुन्या रेडिओला समजेल अशाच पद्धतीने, म्हणजे ए. एम. ने, बोलतात. आजचा लेख त्यांच्याविषयी आहे.

आधी हे पट्टे त्यांच्या वाट्याला आले कसे ते सांगतो, कारण ती हकीकत शेतकऱ्याला लगेच पटण्यासारखी आहे. बिनतारीच्या सुरुवातीच्या काळात जाणकारांची अशी पक्की समजूत होती, की लहर जितकी लांब तितका संदेश लांब जातो. म्हणून लांब लहरी सरकारने, आरमाराने आणि कंपन्यांनी घेतल्या. अमेरिकेत १९१२ मध्ये कायदा झाला आणि हौशांना सांगण्यात आले, की तुम्ही २०० मीटरच्या खाली जा. काळी कसदार जमीन वाड्यावाल्यांनी घ्यावी आणि गावाबाहेरचा मुरमाड माळ गोरगरिबांना द्यावा, तसाच हा प्रकार. माळावर काही पिकणार नाही, ही सगळ्यांची खात्री होती.

पण माळावर पीक आले! १९२१ च्या डिसेंबरात पॉल गॉडली नावाचा अमेरिकन हौशी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर आर्ड्रोसन येथे तंबू ठोकून बसला आणि त्याला अटलांटिकपलीकडच्या हौशांचे संकेत ऐकू आले. १९२३ च्या नोव्हेंबरात तर शंभरएक मीटरच्या लहरीवर फ्रान्समधला नीसचा लेऑन देलुआ आणि अमेरिकेतला फ्रेड श्नेल यांनी एकमेकांशी दुतर्फा संदेश देवघेव केली.

यापुढची गोष्ट मला सगळ्यांत आवडते. न्यूझीलंडच्या ओटागो भागात शॅग व्हॅली नावाचे मेंढ्यांचे मोठे शेत आहे. तिथे फ्रँक बेल हा तरुण पहिल्या महायुद्धातून प्रकृती बिघडून परत आला होता, त्याला बिनतारीचा नाद लागला. १९२४ च्या १८ ऑक्टोबरला त्याच्या शेतावरच्या यंत्राने लंडनजवळच्या मिल हिल शाळेतल्या सेसिल गॉयडर या विद्यार्थ्याशी संपर्क साधला. पृथ्वीचा गोळा हातात घेऊन पाहा, न्यूझीलंड आणि इंग्लंड जवळजवळ समोरासमोरच्या टोकांना आहेत. याहून लांब जायला पृथ्वीवर जागाच फारशी उरत नाही. पुढे फ्रँक शेतीत गुंतला आणि यंत्राचा ताबा त्याची बहीण ब्रेंडा हिने घेतला. न्यूझीलंडमधली ती पहिली हौशी बिनतारी चालवणारी स्त्री. १९२७ मध्ये तिने दक्षिण आफ्रिकेशी संपर्क साधला, तोही तिच्या देशातून पहिलाच. मेंढ्या राखणाऱ्या घरातली भावंडे होती ही.

हे सगळे संपर्क मात्र मोर्सच्या कट्ट-कडकट्टचे होते. माणसाचा प्रत्यक्ष आवाज लांब पाठवायचा तर गोष्ट अवघड होते. ती का, हे जरा समजून घेऊ.

प्रक्षेपकातून एक अखंड लहर निघते. तिला वाहक लहर म्हणतात. नुसत्या वाहक लहरीत बोलणे नसते, ती मुकी असते. आपण मायक्रोफोनमध्ये बोललो, की आवाजाच्या चढउताराप्रमाणे त्या लहरीची उंची कमी-जास्त करायची. हेच ए. एम., म्हणजे अ‍ॅम्प्लिट्यूड मॉड्युलेशन. असे केले की वाहक लहरीच्या डाव्या-उजव्या अंगाला दोन पट्ट्या तयार होतात आणि खरे बोलणे त्या पट्ट्यांत असते. दोन्हींत तेच बोलणे, आरशातल्यासारखे.

आता हिशेब पाहा. वाहक लहर १०० वॉटची असेल, तर आवाज पुरेपूर भरल्यावर दोन पट्ट्यांत प्रत्येकी २५ वॉट जातात. एकूण १५० वॉट खर्च, त्यातले १०० मुक्या वाहकाचे आणि कामाचे ५०, तेही एकच माल दोनदा नेण्यात. बाजाराला तीन पोती निघाली, त्यातली दोन बैलांनीच खाल्ली आणि तिसऱ्यात एकाच मालाचे दोन सारखे वाटे, असा हा व्यवहार. म्हणूनच १९५० च्या दशकापासून हौशांमध्ये एस. एस. बी. ही पद्धत पसरत गेली. तिच्यात वाहक लहर कापून टाकतात, एक पट्टीही कापतात आणि सगळी ताकद उरलेल्या एका पट्टीत घालतात. जागा निम्मी लागते, पल्ला वाढतो. आज लांब पल्ल्याचे हौशी बोलणे बहुतेक सगळे याच पद्धतीने चालते.

मग ए. एम. ला धरून बसणारे हे लोक वेडे आहेत का? माझे मत विचाराल तर नाहीत. एस. एस. बी. चे बोलणे साध्या रेडिओवर लावून पाहा. पाण्यात तोंड बुडवून बदक ओरडते आहे असे वाटेल, शब्द एक कळायचा नाही, कारण कापलेली वाहक लहर ऐकणाऱ्याला आपल्या यंत्रात पुन्हा तयार करावी लागते. ए. एम. चे तसे नाही. वाहक बरोबरच आलेला असतो, म्हणून ग्राहक यंत्र अगदी साधे चालते. एक डायोड, तारेचे वेटोळे आणि कानाला लावायचा हेडफोन एवढ्यावरही जवळचे केंद्र ऐकू येते. बोलण्यातला भरदारपणाही टिकतो, माणूस समोर ओसरीवर बसून बोलतो आहे असे वाटते. आणि व्हॉल्व्हचे ए. एम. यंत्र घरी बांधता येते, बिघडले तर आपल्या हाताने दुरुस्त होते. भारतात परदेशी यंत्रे मिळणे दुरापास्त होते त्या काळात आपल्याकडच्या हौशांनी महायुद्धानंतर भंगारात आलेले लष्करी सामान घेऊन, ८०७ नावाच्या व्हॉल्व्हवर असे प्रक्षेपक उभे केले. आवाज भरण्यासाठी लग्नातल्या लाऊडस्पीकरला लागतो तसला वेगळा अ‍ॅम्प्लिफायर जोडावा लागे.

साध्या रेडिओला समजणारे बोलणे, हा गुण किती मोलाचा ठरू शकतो ते मुंबईने १९४२ मध्ये पाहिले आहे. महायुद्ध सुरू होताच इंग्रज सरकारने हौशांचे परवाने रद्द केले होते. तरीही ‘भारत छोडो’च्या हाकेनंतर ऑगस्टमध्ये मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू झाला. उषा मेहता तेव्हा अवघ्या २२ वर्षांच्या. प्रक्षेपक बांधणारा नरीमन प्रिंटर हा मूळचा हौशी बिनतारीवाला. पोलिसांना माग लागू नये म्हणून यंत्र एका घरातून दुसऱ्या घरात हलवत. १२ नोव्हेंबरला धाड पडली. उषाबेन पकडल्या गेल्या, पुढे त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली आणि त्या येरवड्याला गेल्या. या केंद्राची लहर ४२.३४ मीटरची होती. ३०० ला मीटरने भागले की मेगाहर्ट्झ मिळतात, म्हणजे ती सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ झाली. आज भारतातल्या हौशांना दिलेला एक मुख्य पट्टा ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झचा आहे, त्याच्या पोटात हा आकडा बसतो. घराघरांतले रेडिओ तो आवाज पकडू शकत होते, म्हणून त्या तीन महिन्यांना अर्थ होता.

आता मुख्य प्रश्न. ए. एम. मध्ये इतकी ताकद वाया जाते, तर २५ वॉटचा, म्हणजे एका लहान दिव्याएवढा प्रक्षेपक हजारो किलोमीटर जातो कसा? याचे उत्तर यंत्रात सापडत नाही. ते वर आहे.

आपल्या डोक्यावर साधारण ६० किलोमीटरपासून पुढे सूर्याच्या उन्हाने हवेचे विद्युतभारित थर तयार होतात. सगळ्यांत खालचा थर ६० ते ९० किलोमीटरवर. हा थर शत्रू, तो लहर शोषून घेतो, विशेषतः कमी मेगाहर्ट्झची. पण तो दिवसा असतो आणि सूर्य मावळला की विरतो. सगळ्यांत वरचा थर २०० ते ४०० किलोमीटरवर. हा थर मित्र. तो लहर वाकवून पुन्हा जमिनीकडे पाठवतो. एका उडीत लहर साधारण ४,००० किलोमीटरपर्यंत जाते. जमिनीवर आपटून पुन्हा वर, पुन्हा खाली. मुंबईहून जपान किंवा जर्मनी म्हणजे साधारण दोन उड्या.

यामुळे गंमत अशी होते, की तुमचे बोलणे ऑस्ट्रेलियात स्पष्ट ऐकू येते आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या माणसाला काहीच येत नाही. लहर त्याच्या डोक्यावरून उडी मारून गेलेली असते. आणि वरचे थर सतत हलत असतात. वाहक लहर आणि बाजूच्या पट्ट्या वेगवेगळ्या वेळी क्षीण होतात. वाहक दबला आणि पट्ट्या शाबूत राहिल्या की ए. एम. चा आवाज फाटतो. सिलोनचा आवाज मध्येच घोगरा होई, तो यामुळे.

तेव्हा लांब बोलायचे तर ताकद वाढवण्याआधी वेळ ओळखावी लागते. जमिनीला वाफसा आला नसताना चांगले बियाणेही वाया जाते आणि वाफशावर साधे बियाणेही उगवते, तसेच आभाळाचे आहे. ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर, ज्याला ४० मीटरचा पट्टा म्हणतात, दिवसा काही शे किलोमीटरच्या परिसरातले बोलणे होते. सूर्य कलला आणि खालचा थर विरायला लागला, की हाच पट्टा लांबचे आवाज आणू लागतो. दिवेलागण आणि पहाट या दोन वेळा तर खास. दिवस आणि रात्र यांच्या सीमेची रेषा पृथ्वीभर पसरलेली असते आणि त्या रेषेवरच्या दोन गावांमध्ये थोडा वेळ वाट फार मोकळी होते. हा खेळ कधी दहा मिनिटांचा असतो. तेवढ्यात साधले तर साधले.

याच्या अगदी उलट १० मीटरचा पट्टा. ए. एम. चे बहुतेक जागतिक बोलणे याच पट्ट्यात, २९ मेगाहर्ट्झच्या जरा वर, होते. ही लहर वाकवायला वरचा थर भरपूर भारलेला लागतो, म्हणजे दोन्ही ठिकाणी चांगले ऊन हवे. म्हणून आपल्याकडून सकाळी पूर्वेकडे, जपान-ऑस्ट्रेलियाच्या बाजूला, वाट उघडते आणि दुपार कलली की युरोपकडे. रात्री सारे सामसूम. थंडीचे महिने यासाठी चांगले. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे सूर्यावरचे डाग. ते साधारण अकरा वर्षांच्या फेऱ्याने वाढतात आणि घटतात. डाग भरपूर असले की १० मीटरचा पट्टा जिवंत, नसले की कित्येक महिने मेल्यासारखा. १९५७-५८ मध्ये डागांचा उच्चांक झाला, आजवर मोजलेल्यांत तो सर्वांत मोठा. तेव्हा हौशांचे बोलणे बरेचसे ए. एम. मध्येच चाले आणि थोड्या वॉटांवर लोक साऱ्या जगाशी बोलले. अलीकडे २०२४ च्या ऑक्टोबरात शास्त्रज्ञांनी जाहीर केले, की सूर्य पुन्हा अशा भराच्या काळात आला आहे. उतार लागला तरी तो एकदम नसतो, हळूहळू काही वर्षे चालतो.

आता तुम्ही म्हणाल, हे शहरातल्या लोकांचे खेळ, आम्हाला काय त्याचे? उलट आहे, मंडळी. शहरातल्या हौशाकडे तार ताणायला गच्ची नसते, सोसायटीवाले हरकत घेतात आणि शेकडो दिवे, चार्जर, लिफ्ट यांचा खरखराट इतका असतो, की क्षीण आवाज त्यात बुडतो. तुमच्या मळ्यात जागा आहे आणि शांतता आहे. वीज गेली की आपण चिडतो, पण बॅटरीवर रेडिओ लावणाऱ्याला तोच सर्वांत स्वच्छ तास असतो.

तारेचे माप सोपे आहे. १४३ ला मेगाहर्ट्झने भागा, मीटरमध्ये लांबी मिळते. ७.१ साठी सुमारे २० मीटर तार, मधोमध तोडून दोन सारख्या दहा-दहा मीटरच्या बाजू, आणि मधून केबल खाली. २९ साठी पाच मीटरला जरा कमी. उंची मात्र नीट पाहा. तार लहरीच्या निम्म्या लांबीएवढी उंच असली, तरच लहर क्षितिजाकडे झुकून लांब जाते. १० मीटरच्या पट्ट्याला त्यासाठी पाच मीटर पुरतात, ती तर गोठ्याच्या छपराएवढी उंची झाली. ४० मीटरला वीस मीटर लागतात, म्हणजे उंच नारळ. कमी उंचीवर बांधली तर लहर सरळ वर जाते आणि जवळपासच्या काही शे किलोमीटरवरच पडते. राज्यातल्या राज्यात बोलायचे तर तेही वाईट नाही.

दोन गोष्टी मात्र बजावून सांगतो. शेतावरून विजेची लाईन गेली असेल तर तार तिच्या आसपासही नको, तार तुटून पडली तरी लाईनीला लागणार नाही इतक्या अंतरावर हवी. आणि वळवाचे ढग दिसले की केबल काढून घराबाहेर टाकायची. जुन्या व्हॉल्व्हच्या प्रक्षेपकात सहाशे-सातशे व्होल्ट खेळतात आणि बटण बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते. पोराबाळांच्या हाताला लागेल असे ते यंत्र उघडे ठेवणे म्हणजे विहिरीला कठडा न बांधणे होय.

बोलायला परवाना लागतो, परवान्याविना बोलणे गुन्हा आहे. तो केंद्र सरकारच्या दळणवळण मंत्रालयाकडून मिळतो. रेडिओचे प्राथमिक शास्त्र आणि नियम यांची परीक्षा द्यावी लागते. वयाला बारा वर्षे पूर्ण झालेली मुले-मुलीसुद्धा बसू शकतात. आठवी-नववीचे शास्त्र ज्याला समजते त्याला ही परीक्षा जड नाही. पास झाल्यावर ‘व्हीयू’ने सुरू होणारे संकेतनाम मिळते, ते जगात दुसऱ्या कुणाचे नसते. आपले माजी पंतप्रधान राजीव गांधी हेही परवानाधारक हौशी होते, त्यांचे संकेतनाम व्हीयू२आरजी.

संपर्क कसा होतो? आधी बराच वेळ ऐकायचे. पट्टा मोकळा आहे ना ते विचारायचे. मग ‘सीक्यू, सीक्यू’ अशी हाक, म्हणजे ‘कुणी आहे का?’, आणि पाठोपाठ आपले संकेतनाम, एकेक अक्षर फोड करून: व्हिक्टर, युनिफॉर्म असे. पलीकडून उत्तर आले की आधी सांगायचे त्याचा आवाज कसा येतो. समजण्याला पाचपैकी आणि जोराला नऊपैकी गुण. ‘फाइव्ह नाइन’ म्हणजे पैकीच्या पैकी. मग नाव, गाव, यंत्र, एरिअल, हवापाणी. धंद्याचे बोलणे नियमाने बंद आहे, कांद्याचा भाव विचारायला हे यंत्र नाही. ए. एम. वाले घाईत नसतात, एकेक जण चार-पाच मिनिटे सावकाश बोलतो. शेवटी ‘सेव्हन्टी थ्री’ म्हणून रामराम, आणि नंतर पोस्टाने एकमेकांना संपर्काची साक्ष देणारे कार्ड. कित्येक हौशांच्या भिंती अशा कार्डांनी भरलेल्या असतात.

परवान्याच्या आधी नुसते ऐकून पाहायचे असेल, तर घरचा शॉर्ट वेव्हचा रेडिओ ७ मेगाहर्ट्झच्या जागी लावा आणि काटा केसाएवढा हळू फिरवा. बदकासारखे बोलणे ऐकू आले तर ते एस. एस. बी. वाले. मधूनच स्वच्छ माणसाचा आवाज, संकेतनाम सांगणारा, आला तर तो ए. एम. वाला. २९ मेगाहर्ट्झ मात्र घरगुती रेडिओवर बहुधा नसते, त्याला वेगळे ग्राहक यंत्र लागते. मुलांच्या हाती एक वही द्या. तारीख, वेळ, काट्याचा आकडा आणि काय ऐकू आले, असे चार रकाने आखा. दिवेलागणीचा अर्धा तास आणि पहाटेचा अर्धा तास, महिनाभर.